त्र्यंबकच्या हिऱ्याचे तीन घाट

जुन्या फ्रेंच मेजघड्याळाचा इतिहास लिहिणे हिऱ्याच्या मानाने सोपे. मागचे झाकण काढले की निम्मी कागदपत्रे पितळी पत्र्यावरच कोरलेली सापडतात. ‘जापी फ्रेर’सारख्या कारखान्याचा गोल शिक्का असतो. एखाद्या प्रदर्शनात मिळालेल्या पदकाचे साल त्यात असले, तर घड्याळ त्या सालाआधीचे नाही हे नक्की होते. शेजारी अनुक्रमांक असतो. लंबकाची लांबी पूस आणि लीन्य या जुन्या फ्रेंच मापांत दोन आकड्यांनी ठोकलेली असते. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनी सुईने ओरखडलेल्या तारखाही कधी कधी आतल्या बाजूला मिळतात. वरचे सोनेरी ब्राँझ एकाचे आणि आतले यंत्र दुसऱ्याचे असले, तरी दोघांचा माग काढता येतो.

हिऱ्याला असे झाकण नसते. त्यावर शिक्का नाही, साल नाही, कारागिराचे नाव नाही. त्याची घडण हाच त्याचा दस्तऐवज, आणि नवा कारागीर पैलू पाडायला बसला की आधीचा दस्तऐवज भुकटी होऊन सांडतो. त्र्यंबकेश्वराच्या देवळाशी जोडला गेलेला आणि युरोपात ‘नासक’ या नावाने ओळखला जाणारा हिरा असा किमान दोनदा पुसला गेला आहे. तरी त्याचा इतिहास बराचसा जुळवता येतो, कारण हात बदलताना दर वेळी कोणीतरी त्याला तराजूत घातले आणि आकडा लिहून ठेवला.

आधी देवळाकडे पाहू. हिऱ्यांवरच्या इंग्रजी पुस्तकांत हा खडा सुमारे 1500 पासून त्र्यंबकेश्वराला होता असे बिनदिक्कत छापलेले असते. एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत गेलेले हे वाक्य आहे. आज उभे असलेले काळ्या दगडाचे देऊळ नानासाहेब पेशव्याने बांधायला घेतले. बांधकामाचा काळ परंपरेने 1755 ते 1786 आणि खर्च सोळा लाख सांगतात. नानासाहेब 1761 मध्येच गेला. म्हणजे काम चालू असताना पुण्याच्या गादीवर माधवराव, नारायणराव आणि सवाई माधवराव आले, मधले काही महिने रघुनाथराव धरले तर चौघे. त्याआधीही या जागी देऊळ होते आणि सरदार-संस्थानिकांनी देवाला दागिने वाहण्याची चाल जुनीच आहे, त्यामुळे हिरा देवळाचा असणे अजिबात अशक्य नाही. पण 1500 हे साल पुराव्याच्या रकान्यात घालू नये. ते आख्यायिकेच्या रकान्यातच शोभते.

पुरावा सुरू होतो तो 1818 पासून. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये कर्नल मॅक्डॉवेलच्या फौजेने त्र्यंबकचा किल्ला घेतला. जूनच्या आरंभी दुसरा बाजीराव पेशवा इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला. या धामधुमीत हिरा बाजीरावाच्या जवाहिरातून जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याकडे, ब्रिग्जकडून गव्हर्नर जनरल मार्क्विस ऑफ हेस्टिंग्जकडे आणि तिथून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. नाव नाशिकचे लागले. देऊळ, पेशव्याचे जवाहीर आणि नाशिक या तीन दुव्यांपैकी इंग्रजी व्यवहारात शेवटचे दोनच ठळक आहेत. देवळाचा दुवा आपल्याकडच्या स्मृतीने आणि पुढच्या रत्नशास्त्राच्या पुस्तकांनी जपला.

दख्खनच्या या लुटीवरून इंग्रजांचे आपसातच भांडण जुंपले. वाटा फक्त सर थॉमस हिस्लॉपच्या दख्खन फौजेचा, की हेस्टिंग्जच्या मोठ्या फौजेचाही, हा वाद वर्षानुवर्षे चालला. लुटीच्या विश्वस्तांमध्ये खुद्द ड्यूक ऑफ वेलिंग्टन होता. पेशव्याच्या पदरच्या नारोबा औटी याच्याकडून घेतलेल्या खजिन्याचे प्रकरण तर 1830 मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचले. लुटणाऱ्यांना आपसात हिशेब द्यावा लागला आणि त्यापायी पुष्कळ कागद तयार झाले, ही इतिहासकाराच्या सोयीची गोष्ट. भांडण झाले नसते तर आपल्या हाती आणखी कमी लागले असते.

लंडनला पोचलेल्या खड्याचे वजन 89¾ कॅरेट नोंदले आहे. हा त्याचा पहिला घाट, भारतीय. आकार काहीसा त्रिकोणी, पाणी उत्तम, पण इंग्रज जवाहिऱ्यांच्या मते घडण ओबडधोबड. या मताकडे मी सावधपणे पाहतो. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणींवर गेलेला फ्रेंच जवाहिरा ताव्हेर्निए इथल्या कारागिरांची रीत सांगून गेला आहे. खडा निर्दोष असला तर ते त्याला चाकावर जेमतेम लावत, आकार देण्याच्या भानगडीत पडत नसत, कारण वजन घटले असते. डाग किंवा चीर असली तर मात्र ती लपवायला बारीक पैलूंची गर्दी करत. म्हणजे ज्याला लंडनमध्ये अडाणीपणा म्हटले तो हिशेब होता. इथे किंमत वजनाला आणि पाण्याला होती, चकाकीला नव्हती.

युरोपचा हिशेब वेगळा. हिऱ्यात शिरलेला किरण आतल्या पृष्ठावर सुमारे साडेचोवीस अंशांपेक्षा तिरका आदळला तर बाहेर न पडता उलटतो. खालचे पैलू योग्य उताराचे असतील तर तो दोनदा उलटून पुन्हा पाहणाऱ्याच्या डोळ्यात येतो. खडा पसरट आणि उथळ ठेवला की प्रकाश तळातून गळून जातो. आकार मोठा दिसतो, तेज कमी. तेज हवे असेल तर वजनाचा बळी द्यावा लागतो.

लंडनमध्ये हिरा ज्यांच्या हाती आला त्या रुंडेल अँड ब्रिज या राजघराण्याच्या जवाहिऱ्यांनी तो बळी दिला, पण हात आखडता ठेवून. एडविन स्ट्रीटरने 1882 मध्ये मोठ्या हिऱ्यांवर पुस्तक लिहिले, त्यात या खड्याची हकिकत आहे. त्यावरून दिसते की मूळ भारतीय कारागिराची रेघ शक्य तितकी सांभाळून फक्त तिच्यातले दोष काढायचे असा बेत होता. काम झाल्यावर वजन भरले 78⅝ कॅरेट. घट सव्वाअकरा कॅरेटच्या आतली, शेकडा बाराच्या आसपास. मला या तीन घाटांपैकी हा दुसरा सर्वांत विचारी वाटतो. घडवणाऱ्याला आधीच्याचे काम दिसत होते आणि त्याने ते मोडायचे टाळले.

1831 मध्ये खडा इमॅन्युएल बंधूंकडे गेला. 1837 मध्ये लंडनच्या लिलावात पहिल्या मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टरने तो 7,200 पौंडांना घेतला आणि आपल्या समारंभी तलवारीच्या मुठीत बसवला. त्याच लिलावात त्याने अर्काटचे हिरेही घेतले. पुढची नव्वद वर्षे हिरा त्या घराण्यात राहिला आणि कोणी त्याला चाक लावले नाही.

इथे कागदांत एक चमत्कार आढळतो. विसाव्या शतकातल्या नोंदींत त्याच खड्याचे वजन 80.59 कॅरेट दिले आहे. हिरा वाढला? नाही, कॅरेट हलका झाला. लंडनचा जुना कॅरेट सुमारे 205 मिलिग्रॅमचा होता. 1907 मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने बरोबर 200 मिलिग्रॅमचा मेट्रिक कॅरेट ठरवला आणि पुढच्या काही वर्षांत देशोदेशी तो लागू झाला. 78⅝ ला 205 ने गुणून 200 ने भागले की 80.59 येतात. दोन्ही आकडे एकाच दगडाचे. जुन्या-नव्या पुस्तकांतले आकडे एका ओळीत मांडून त्यांची वजाबाकी करणारे इथे हमखास घसरतात, म्हणून यापुढे ग्रॅममध्येच बोललेले बरे. पहिला घाट सुमारे 18.4 ग्रॅम, दुसरा 16.1.

1927 मध्ये पॅरिसचा जवाहिरा ज्यॉर्ज मोबुसँ याने हिरा वेस्टमिन्स्टर घराण्याकडून घेतला. त्यानंतर तो अमेरिकेत गेला तेव्हा जकातीवरून वाद झाला, आणि या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत रोचक वाटणारा प्रश्न त्यातच आहे. अमेरिकेच्या 1922 च्या जकात कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वी तयार झालेल्या कलात्मक पुरातन वस्तूला जकात माफ होती. सोळाव्या लुईच्या काळातले मेजघड्याळ या कलमात सहज बसते, कारण ते कोणी घडवले आणि केव्हा, हे त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. हिऱ्याचे काय? दगड अब्जावधी वर्षांचा. भारतीय घडण शतकांपूर्वीची, पण ती अर्धवट पुसलेली. इंग्रजी घडण 1818 ते 1831 च्या दरम्यानची, म्हणजे शंभरीच्या उंबरठ्यावर. शिवाय ही कलावस्तू मानायची की दागिन्यात बसवायचा नुसता खडा? माझे मत विचाराल तर तो तेव्हा पुरातन कलावस्तूच होता, कारण त्या एका दगडावर दोन देशांच्या दोन कारागिरांचा हात एकावर एक वाचता येत होता.

1940 मध्ये तेही संपले. न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो पॅरिसमध्ये विकत घेतला आणि पुन्हा घडवला. आता पाचूला देतात तसा चौकोनी, कापलेल्या कोपऱ्यांचा घाट, ज्यात पैलू पायऱ्यांसारखे उतरत जातात. वजन 43.38 मेट्रिक कॅरेट, म्हणजे सुमारे 8.7 ग्रॅम. रुंडेलने सव्वादोन ग्रॅमांच्या आसपास काढले होते, विन्स्टनने सव्वासातांहून अधिक. व्यापारी म्हणून त्याचे चुकले नाही. नव्या घाटाचा निर्दोष खडा त्या काळच्या गिऱ्हाइकाला सहज पटणारा होता. पण त्रिकोणी आकार गेला आणि त्याबरोबर आपल्या कारागिराची शेवटची खूणही गेली. लंडनला उतरलेल्या दगडापैकी वजनाने निम्म्याहून थोडे कमीच आज उरले आहे.

त्यानंतरची हकिकत फक्त मालकांची यादी आहे. 1942 मध्ये न्यूयॉर्कचे ट्रेबर्ट अँड होफर, 1970 मध्ये पार्क-बर्नेटच्या लिलावात पाच लाख डॉलर, 1977 पासून लेबनॉनी जवाहिरे रॉबर्ट मुवाद. हिरा त्र्यंबकला परत आणावा अशी मागणी अधूनमधून होते आणि तिच्या बातमीबरोबर बहुधा विन्स्टनच्या चौकोनी खड्याचा फोटो छापला जातो. देवळातल्या हिऱ्याची कल्पना त्या फोटोवरून येणार नाही. त्यासाठी 1940 च्या आधीची रेखाचित्रे पाहावी लागतात, आणि तीही बहुतेक रुंडेलच्या घाटाची असल्याने त्यांच्यात सुमारे आठवा हिस्सा मनाने भरून काढावा लागतो.