वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर नाष्ट्याला काय खावं?

आपल्याकडे कुणी ऑपरेशन होऊन घरी आलं की सगळं घर त्याला खाऊ घालायला धावतं. पायाचा शोरबा येतो, शीरा येतो, ‘अशक्तपणा आलाय, अजून दोन घास खा’ असा आग्रह होतो. मात्र वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर हाच आग्रह त्रासाचा ठरू शकतो. म्हणून ही माहिती पेशंटइतकीच घरच्यांनीही वाचावी, असं आम्हाला वाटतं.

पोटात नेमकं काय बदलतं?

‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. ‘बायपास’मध्ये जठराची छोटीशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हीत एका वेळी थोडंच खाता येतं. शरीराला मात्र दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन लागतंच. ते मिळालं नाही तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, थकवा येतो, केस गळतात. म्हणून नियम सोपा आहे: ताटातलं प्रोटीन आधी, बाकी सगळं नंतर.

कोणत्या टप्प्यात काय?

पहिले साधारण दोन आठवडे पातळ पदार्थ, मग मिक्सरमधून काढलेलं, नंतर मऊ आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं जेवण, असा क्रम असतो. डॉक्टरागणिक यात फरक पडतो. हॉस्पिटलने दिलेला चार्टच अंतिम मानावा.

- पातळ टप्पा: साय काढलेलं दूध, गाळलेलं मुगाचं कढण, पातळ ताक, डॉक्टरांनी सांगितलेली प्रोटीन पावडर. दुधात दोन चमचे स्किम मिल्क पावडर मिसळली की प्रोटीन वाढतं.
- मऊ टप्पा: कमी तेलातली भुर्जी किंवा मऊ उकडलेलं अंडं. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रोटीन असतं. कुस्करलेलं पनीर 50 ग्रॅम घेतलं तर सुमारे 9 ग्रॅम मिळतं. पाणी काढलेलं घट्ट दहीही चांगलं.
- नेहमीचा टप्पा: चिकनचा बारीक, ओलसर खिमा. शिजलेल्या 50 ग्रॅम खिम्यात साधारण 12 ग्रॅम प्रोटीन असतं. कोकणातल्या घरांत वाफवलेला किंवा कमी तेलात केलेला मासा उत्तम, कारण तो मऊ असतो. शाकाहारी नाष्टा हवा असेल तर मूगडाळीचा पोळा, त्यात पनीर घालून.

जपून राहायचे पदार्थ

खिमा-पाव खाताना खिमा खावा, पाव सोडावा. पाव, नान, पराठा पोटात फुगतात आणि अडकल्यासारखं वाटतं. पायाच्या शोरब्याने ताकद येते असं मानतात, पण त्यातलं प्रोटीन मुख्यतः जिलेटिनचं, म्हणजे अपुरं असतं आणि वर तूप-चरबी भरपूर. नहारीचंही तेल जड जातं. शीरा, शीरखुर्मा, गोड चहा यांनी, विशेषतः बायपासनंतर, घाम फुटणं, धडधड, चक्कर, जुलाब असा त्रास होऊ शकतो.

खाण्याची पद्धत

छोटे घास घ्या, बारीक चावा, 20 ते 30 मिनिटं सावकाश खा. पोट भरल्यासारखं वाटलं की तिथेच थांबा. जेवताना पाणी किंवा चहा पिऊ नका. खाल्ल्यानंतर अर्धा तास जाऊ द्या. मग दिवसभर घोट घोट पाणी प्या. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा.

पावडर, कॅप्सूल आणि हलाल

अनेक कॅप्सूलची आवरणं जिलेटिनची असतात. शंका असेल तर औषध परस्पर बंद करू नका. डॉक्टरांकडे गोळी, पातळ औषध किंवा शाकाहारी कॅप्सूल मागा. प्रोटीन पावडर घेताना डब्यावरची घटकांची यादी आणि हिरवं चिन्ह पाहा, साखर किती आहे तेही वाचा. व्हिटॅमिनच्या गोळ्या बहुधा आयुष्यभर घ्याव्या लागतात.

रमजान आला तर?

ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत रोजा ठेवणं धोक्याचं ठरू शकतं, कारण पाणी आणि प्रोटीन दोन्ही थोडं थोडं करूनच पोटात जातं. कुरआनच्या सूरह बकरामध्ये (आयत 184) आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत दिलेली आहे. डॉक्टरांना आणि आपल्या आलिमांना विचारूनच ठरवा. परवानगी मिाली तरी सहरीत अंडं, दही किंवा पनीर आधी खा, आणि इफ्तारला तळलेल्या भज्यांनी सुरुवात करू नका.

डॉक्टरांना लगेच कधी गाठावं?

वारंवार उलटी, पाणीही न टिकणं, पोटात जोरात दुखणं, ताप किंवा धडधड असेल तर वाट पाहू नका. शुगर किंवा बीपीची औषधं सुरू असतील तर त्यांचा डोस बदलावा लागतो, तेही विचारून घ्या. किडनीचा आजार असेल तर प्रोटीन किती घ्यायचं ते डॉक्टरच ठरवतील.

शेवटी घरच्यांना एकच सांगणं. दस्तरखानवर त्यांची छोटी प्लेट वेगळी मांडा, पण जागा सगळ्यांबरोबरच ठेवा. आणि त्यांनी ‘बस’ म्हटलं की दुसऱ्यांदा आग्रह करू नका.