भिक्षूंच्या वहाणा

नाशिकजवळ त्रिरश्मी डोंगरांत जीं २४ लेणीं आहेत, त्यांपैकीं दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा दानलेख आहे. तेथें वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस चीवरासाठीं प्रत्येकीं १२ कार्षापण मिळावेत, म्हणून त्यानें विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेंकडा एक या व्याजानें ठेविले. वस्त्राची ही चोख तजवीज वाचतांना, या डोंगरवाटेवर त्यांच्या पायांत काय असे, असा प्रश्न मनांत येतो. लेखांत वहाणांचें नांव नाहीं. पालि विनयपिटकाच्या महावग्गांत मात्र वहाणा व कातडें यांवर एक सबंध प्रकरण आहे.

सोण कोळिविस हा चंपेचा सुकुमार श्रीमंतपुत्र भिक्षु झाला. चंक्रमण करतां करतां त्याचे पाय फुटले व वाट रक्तानें माखली. भगवान् बुद्धांनीं त्यास एकपदरी वहाणांची अनुज्ञा दिली. आपल्या एकट्यास सवलत नको, असें त्यानें म्हणतांच ती सर्व संघास मिळाली. पुढें अवंतीहून, म्हणजे माळव्याकडून, दुसऱ्या एका सोणानें आपले गुरु महाकात्यायन यांचा निरोप आणिला, कीं इकडील दक्षिणापथाची जमीन काळी, कठीण व गुरांच्या खुरांनीं खडबडीत झालेली आहे. आमच्या निफाड-येवल्याकडील शेतवाट वैशाखांत ज्यानें अनवाणी तुडविली असेल, त्यास याचा अर्थ सांगावयास नको. पावसाळी चिखलांत उमटलेला खूर उन्हानें दगडासारखा वाळतो व त्याची कड तळव्यांत कांट्याप्रमाणें घुसते. अशा सीमेवरील प्रदेशांसाठीं अनेकपदरी वहाणा मान्य झाल्या.

विहारांत वहाणा वर्ज्य होत्या. तथापि ज्याचे पाय दुखत, भेगाळत, अथवा ज्यास कुरूप झालेलें असे, त्यास तेथेंही त्यांची मुभा होती. लाकडी खडावा बंद झाल्या त्या ध्यान मोडणाऱ्या आवाजामुळें, व पायाखालीं किडे चिरडत म्हणून. त्या आवाजास पालींतही शब्द ‘खटखट’ असाच आहे!

इतक्या कडक विनयानें दुखऱ्या पायाकडे पाहून मुरड घेतली. आमच्या सुशिक्षित घरांतून मात्र थकलेल्या आजी अजून थंड, कठीण फरशीवर अनवाणी वावरतात, कारण घरांत पायतण नको हा रिवाज. मधुमेहानें तळव्यांची जाणीव गेलेल्या माणसास रुतलेला खडा कळत नाहीं. जखम चिघळते व प्रसंगीं पाय गमवावा लागतो. अशांसाठीं घरांत वापरावयाचा निराळा जोड घ्यावा. तो संध्याकाळीं, पाय किंचित् सुजलेले असतांना, घालून पाहावा. बोटांस मोकळीक, टाचेस भक्कम आधार व आंत मऊ अस्तर असावें. रोज पाय घालण्यापूर्वीं आंत हात फिरवावा. देवघराच्या उंबऱ्याशीं तो काढून ठेवण्यास आजीही खळखळ करणार नाहींत.