पेटीला न साधलेली मींड



लातूर जिल्हा अद्याप व्हावयाचा होता. आमचे गाव त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९६८ च्या सुमारास जत्रेतल्या तंबूत 'नागिन' हा चित्रपट आला. तो निघाला १९५४ साली. आमच्यापर्यंत पोहोचावयास त्याला चौदा वर्षे लागली. पुंगी सुरू होताच तंबूत साप शिरतो अशी वदंता असल्यामुळे आम्ही मुले पाय वर घेऊन बसलो होतो. साप काही आला नाही. दुसऱ्या दिवशी वेशीपाशी बसणाऱ्या गारुड्यास मी त्या पुंगीविषयी विचारले. तो तंबूबाहेर उभा राहून सारे ऐकून आला होता. तो म्हणाला, "ती पुंगी नव्हं रे पोरा. पुंगीत गाल बोलतेत. ह्यात गालच न्हाईत."

त्याचे म्हणणे खरे होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. ते वाद्य होते क्लॅव्हायोलिन. कॉन्स्टंट मार्टिन नावाच्या फ्रेंच माणसाने १९४७ साली बनविलेली ती विजेची लहानशी पेटी; एका वेळी एकच स्वर देणारी, परंतु त्या स्वराचा रंग बदलण्याची सोय असलेली. मुंबईत ती वाजविली कल्याणजी वीरजी शहा यांनी, जे पुढे आपल्या बंधूंसह संगीतकार म्हणून नावारूपास आले. संगीत होते हेमंतकुमारांचे, आणि जोडीस हार्मोनियम धरणारे रवी हेही पुढे मोठे संगीतकार झाले. साऱ्या देशाने ज्या पुंगीवर मान डोलविली ती विजेच्या तारांतून निघालेली होती, ही गोष्ट मला आजही नवलाची वाटते.

पण हा खटाटोप कशासाठी? एक साधा गारुडी बोलावला असता तर काम भागले नसते काय? येथे आपल्या पेटीची, म्हणजे हार्मोनियमची, कथा सांगितली पाहिजे. मराठी रंगभूमीने पेटीला घरच्यासारखे वागविले. गोविंदराव टेंबे यांच्यासारखा रसिक कलावंत तिच्यावर हात फिरवी, आणि त्यांनीच 'मानापमान' नाटकाला १९११ मध्ये चाली दिल्या. तथापि पेटीचा एक दोष कोणालाही झाकता आला नाही. तिच्यातील पट्ट्यांचे स्वर कायमचे ठरलेले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, ज्याला आपण मींड म्हणतो, तिला साधत नाही. ह्याच कारणास्तव ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, आणि ती शिथिल व्हावयास १९७१ उजाडले. बंदी कठोर होती असे माझे मत आहे. आमच्या गावच्या भजनी मंडळाने तिची कधी दखलही घेतली नाही. पण आक्षेप खोटा नव्हता. कळफलक असलेल्या वाद्यातून मींड काढावयाची कशी, हा प्रश्न उरलाच.

त्याचे उत्तर संगीतकाराने नव्हे, तर एका अभियंत्याने दिले. अमेरिकेत रॉबर्ट मूग याने १९६४ साली सिंथेसायझरची जी रचना सिद्ध केली तिचे मर्म एवढेच की, स्वराची उंची विद्युद्दाबावर ठरावी. दाब एका व्होल्टने वाढला की स्वर एका सप्तकाने चढतो. आता दाब हा काही पायऱ्यांनीच चढतो असे नाही. तो पाण्यासारखा हळूहळू वर सरकू शकतो, आणि त्याच्यामागून स्वरही सरकतो. पेटीच्या पट्टीला जे अशक्य होते ते येथे आपसूक झाले. १९७० च्या मिनीमूग ह्या लहान वाद्यात तर डाव्या हाताशी स्वर वाकविण्याचे एक चाकच बसविले होते.

मूगचे मोठे यंत्र १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले. डेव्हिड ट्यूडर ह्या अमेरिकन संगीतकाराने ते मांडून दिले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत सिंथेसायझर रुळविण्याचे श्रेय केरसी लॉर्ड यांच्याकडे जाते; तालवादक कावस लॉर्ड यांचे हे चिरंजीव. परंतु मला अधिक विस्मय वाटतो तो चरणजितसिंग यांचा. चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजविणाऱ्या ह्या गृहस्थांनी १९८२ साली तीन जपानी यंत्रे मांडून भैरवी, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग ध्वनिमुद्रित केले. त्यांतले एक यंत्र मूळचे बास गिटारची उणीव भरून काढावयास बनविलेले; बाजारात ते पडले आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादनही थांबले. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय होती, आणि चरणजितसिंगांनी नेमकी तीच हेरली! त्यांची तबकडी त्या वेळी फारशी कोणी विकत घेतली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जाणकार थक्क झाले. कारण शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्रातून जे नवे नृत्यसंगीत काढले, ते ह्यानंतर काही वर्षांनी. चरणजितसिंग २०१५ साली निवर्तले.

निवृत्तीनंतर मी नांदेडला स्थायिक झालो. येथे लग्नसराईत बँजो पार्टी निघते. तीत एक मुलगा गळ्यात कीबोर्ड अडकवून चालतो. बटण दाबले की सनई, दुसरे दाबले की बासरी. हे तयार आवाज ऐकून मला चीड येई. आवाज काय आहे हे त्या पोराला ठाऊक नाही, असे मी म्हणत असे. आणि मग लक्षात आले की, मलाही ठाऊक नाही. म्हणून एक जुना सिंथेसायझर विकत घेतला आणि तुणतुणे घडवावयाचे ठरविले.

आरंभ करावयाचा असेल त्याने प्रथम सर्व काही बंद करून एकच लहर ऐकावी. चौकोनी लहर पोकळ लागते, कारण तिच्यात विषम उपस्वरच असतात; करवतीच्या दात्यांसारखी लहर तिखट, कारण तिच्यात सगळेच आहेत. तारेसाठी ही दुसरी घ्यावी. मग गाळणी. छेडलेल्या तारेचे वरचे उपस्वर आधी विझतात, म्हणून गाळणी झटकन उघडून हळूहळू मिटली पाहिजे. आवाजही एकदम उठावा आणि सावकाश ओसरावा. जोराने छेडलेली तार क्षणभर अधिक ताणली जाते आणि तिचा स्वर किंचित चढा निघतो. तेवढी मींड आरंभी घालावी. एवढ्याला मला तीन आठवडे लागले.

माहूरच्या रेणुकेच्या वाटेवरचे एक वृद्ध गोंधळी दरवर्षी आमच्याकडे येतात. त्यांना मी माझे तुणतुणे ऐकविले. त्यांनी डोळे मिटून घेतले, मग म्हणाले, "आवाज त्योच हाय, गुरुजी. पर दर बारीला त्योच हाय." मग आपले तुणतुणे काढून त्यांनी दहा वेळा छेडले. दहाही वेळा ते निराळे वाजले. बोट कधी जवळ, कधी दूर, कधी आळसावलेले. मी यंत्राच्या गाळणीला आणि स्वराच्या उंचीला एक मनमानी बदलणारा विद्युद्दाब जोडून दिला, अगदी थोडा, आणि पुन्हा वाजविले.

गोंधळीबुवांनी आपले तुणतुणे पिशवीत घातले. "आता जरा म्हातारं झालं," ते म्हणाले.