काळे पाणी

काळे पाणी : अपराध्याला समुद्रापार नेऊन तेथे सक्तमजुरी करायला लावणारी ब्रिटिश अमलातील शिक्षा. 1860 च्या भारतीय दंडसंहितेत फाशीखालोखाल तिचा क्रम होता. पेशवाईत दंड, अवयवच्छेद आणि डोंगरी किल्ल्यावरची कैद या शिक्षा रूढ होत्या. माणसाला देशाबाहेर नेऊन टाकण्याची पद्धत कंपनी सरकारने आणली. 1787 पासून हिंदी कैदी सुमात्रातील बेंकूलेनला आणि पुढे पिनांग, मलाक्का व सिंगापूरला जाऊ लागले.

या एका शिक्षेत सरकारने अनेक हेतू कोंबले होते. समुद्र ओलांडला की जात गेली, या समजुतीमुळे धाक बसेल, गुन्हेगार गावातून कायमचा हलेल, अंगमेहनतीने सुधारेल, आणि वसाहतीला बिनमोल मजूर मिळतील. शेवटचा हेतू बोलून दाखवला जात नसला, तरी तडीस गेला तो मुख्यतः तोच. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल हिंदी कैद्यांनी बांधले. उलट दिशेनेही हाच व्यवहार चाले : तिकडचे चिनी कैदी मुंबई इलाख्यात येत. महाबळेश्वरला त्यांच्यासाठी तुरुंग होता व ते तेथे बटाटा, भाजीपाला पिकवीत. ‘चायनामन’ धबधब्याचे नाव त्यांच्यावरूनच पडले.

अंदमानात 1789 मध्ये वसवलेली पहिली वसाहत रोगराईमुळे 1796 मध्ये उठवावी लागली. 1857 च्या उठावानंतर बंडवाल्यांना ठेवायला जागा हवी होती, म्हणून ती पुन्हा मांडली गेली. 10 मार्च 1858 रोजी 200 कैद्यांची पहिली तुकडी पोर्ट ब्लेअरला उतरली. जंगलतोड, हिवताप व आदिवासींचे बाण यांत माणसे मेली. पळून जाऊन पुन्हा हाती लागलेल्या 80 हून अधिक जणांना अधीक्षक वॉकरने फाशी दिले. 8 फेब्रुवारी 1872 रोजी शेर अली आफ्रिदी या कैद्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याचा येथेच खून केला.

काळ गेला तशी वसाहत मात्र बसली. काही वर्षे नीट वागलेल्या कैद्याला सवलतीचे तिकीट मिळे. तो जमीन कसे, गुरे पाळी, स्त्री कैद्यांपैकी कोणाशी लग्नही करू शके. 1890 मध्ये लायल व लेथब्रिज या सरकारी अधिकाऱ्यांनी पाहणी केली, तेव्हा देशातल्या तुरुंगापेक्षा अंदमान बरे, असे कैदीच म्हणत असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे शिक्षा काही अंशी सुधारणेकडे वळली होती, आणि राज्यकर्त्यांना खुपली ती नेमकी हीच गोष्ट. प्रत्येकाने आरंभीचा काळ कडक एकांतात काढावा, अशी शिफारस झाली आणि हद्दपारीच्या बेटावर वेगळा तुरुंग उभा राहिला.

तोच सेल्युलर जेल (बांधकाम 1896–1906). मधल्या मनोऱ्यापासून फुटलेल्या सात तिमजली भुजा आणि सुमारे 690 कोठड्या. एका भुजेचे तोंड दुसरीच्या पाठीकडे असल्याने कोठडीतल्याला दुसऱ्या कैद्याचे तोंड दिसत नसे. नारळाची सोडणे कुटून काथ्या काढणे हे नेहमीचे काम. कोलूला (तेलघाण्याला) जुंपून दिवसाला 30 पौंड खोबरेल काढणे हे सर्वांत धास्तीचे. तेल कमी भरले की दंडाबेडी. राजकीय कैद्यांत बाबाराव व विनायक दामोदर सावरकर हे बंधू होते. विनायकरावांना दोन जन्मठेपी मिळून 50 वर्षांची शिक्षा होती. ते 1911 मध्ये अंदमानात पोचले व 1921 मध्ये दोघेही भाऊ हिंदुस्थानातील तुरुंगांत परत आणले गेले. या काळावरचे विनायकरावांचे ‘माझी जन्मठेप’ मराठी वाचकांना परिचित आहे.

1919–20 च्या तुरुंग समितीने अंदमानला कैदी पाठवणे थांबवण्याचा सल्ला दिला. तो पुरता पाळला गेला नाही : 1932 पासून क्रांतिकारक पुन्हा तिकडे धाडले गेले, 1933 च्या उपोषणात तिघे दगावले आणि 1937 च्या उपोषणानंतर राजबंद्यांना परत आणावे लागले. 1942 मध्ये जपानने बेटे घेतली. युद्ध संपल्यावर कैद्यांची वसाहत बंद झाली. तुरुंगाच्या आज तीनच भुजा उभ्या आहेत. 1979 मध्ये त्याचे राष्ट्रीय स्मारक झाले.

कायद्याच्या पुस्तकातून ही शिक्षा त्यामानाने उशिरा गेली. 1955 च्या दुरुस्तीने, 1 जानेवारी 1956 पासून, तिच्या जागी ‘आजन्म कारावास’ आला. जन्मठेप म्हणजे ठरावीक वर्षांची कैद, हा समज मात्र टिकून राहिला. गांधी-खून खटल्यातील गोपाळ गोडसे यांनी, सूट धरून आपली मुदत भरली, असा दावा केला. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला : जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य, आणि त्याआधी सोडायचे की नाही हे सरकारने ठरवायचे. गोडसे यांना सरकारने 1964 मध्ये सोडले.