लेखणीचा संप आणि रोजंदारी

२००८ च्या नोव्हेंबरात हिंदी वाहिन्यांवर मालिकांचे जुनेच भाग पुन्हा दिसू लागले, तेव्हा आपल्या हैदराबादेतील मराठी घरांतही कुरकुर झाली. मुंबईतील चित्रण थांबले होते. वाद वेतनवाढीचा, कामाच्या तासांचा आणि थकलेल्या देण्यांचा. तो मांडणाऱ्या महासंघात लेखकांची संघटनाही होती. आम्ही मात्र कथानक अडल्याचीच हळहळ केली.

अमेरिकेतील पटकथालेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस लेखणी खाली ठेवली. भांडण लेखक आणि निर्माते यांचे. परंतु संहिता नाही तर चित्रण नाही, आणि चित्रण नाही तर सुतार, दिवेवाले, रंगभूषाकार यांना काम नाही. ज्यांची त्या वादात मागणीच नव्हती, तेही होरपळले.

आपल्या शहरात काम थांबवले ते या कामगारांनीच. ४ ऑगस्ट २०२५ पासून तेलुगू चित्रपट कामगार ३० टक्के वेतनवाढीसाठी संपावर गेले. कृष्णानगरच्या गल्ल्यांतून पहाटे चित्रणस्थळी निघणारी ही माणसे बहुतांशी रोजंदारीची. मासिक पगाराच्या नोकऱ्यांत वाढलेल्या आपल्या घरांना याची कल्पना सहसा येत नाही. संपाचा प्रत्येक दिवस त्यांनी स्वतःच्या चुलीवर काढला.

अठराव्या दिवशी कामगार आयुक्तांसमोर तडजोड झाली. रोज २००० रुपयांपर्यंत मिळवणाऱ्यांना तीन वर्षांत साडेबावीस टक्के वाढ ठरली. त्यांपैकी १५ टक्के पहिल्या वर्षी, उरलेली पुढील दोन वर्षांत.