सवलतीचा माणूस

माणसांच्या दोन जाती आहेत: खोली बघून भाडं विचारणाऱ्यांची आणि भाडं ऐकून खोली पसंत करणाऱ्यांची. मी दुसरीतला. आमचं घराणं तसं जुनं. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक नावाच्या गृहस्थांनी लेस्टरहून लफबरोला, दारूबंदीच्या मेळाव्यासाठी, सुमारे ५०० माणसं एका शिलिंगात आगगाडीने नेऊन आणली. त्यातली दारूच्या रागाने किती गेली आणि शिलिंगाच्या लोभाने किती, हे इतिहास सांगत नाही. मला मात्र शंका नाही. १८६८ साली कुकसाहेबांनीच हॉटेलांची कुपनं काढली. पैसे आधी, पलंग नंतर! १९९८ साली निघालेल्या अमेरिकेतल्या प्राइसलाइनने तर कळस केला. भाव गिऱ्हाइकाने सांगायचा, हॉटेलचं नाव पैसे भरल्यावर कळायचं. आमच्या जातीला खोली नकोच असते हो, जिंकल्याचं समाधान हवं असतं.

मीही एकदा महाबळेश्वरला अर्ध्या भाड्यात खोली जिंकली. भर जुलैत. तीन दिवस धुकं, पाऊस आणि ओले मोजे. दरी बघायला आलेली आमची ही खिडकीशी बसून. वाचलेल्या पैशांचा हिशेब मी तिसऱ्यांदा सांगितला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "अहो, लग्नाला पस्तीस वर्षं झाली. एकदा तरी पुऱ्या भावाची दरी दाखवा."

डिसेंबरात पुरं भाडं भरलं. दरी दिसली. दरीकडे बघणारी हीसुद्धा दिसली, कित्येक वर्षांनी.

निघताना काउंटरवर मात्र जीभ घसरलीच: "ज्येष्ठ नागरिकांना काही सवलत?"