द्यूताची मर्यादा आणि जबाबदारीचे स्थान

इ. स. २०२० च्या डिसेंबरपासून, भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या सूचनेनुसार, पैसे लावून खेळावयाच्या आंतरजालीय खेळांच्या जाहिरातींत एक इशारा येऊ लागला. खेळात आर्थिक जोखीम आहे, त्याचे व्यसन जडू शकते, म्हणून जबाबदारीने व स्वतःच्या जोखमीवर खेळावे, असा त्याचा आशय होता. वरवर पाहता हा उपदेश निर्दोष वाटतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास त्यात एक मोठे स्थित्यंतर आढळून येते. द्यूताच्या बाबतीत जी जबाबदारी पूर्वी मुख्यतः खेळ भरविणाऱ्यावर टाकली जात असे, ती येथे खेळणाऱ्याच्या एकट्याच्या मनावर येऊन पडली आहे. हे कसे घडले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

विवेचनासाठी पुण्याची नारायण पेठ डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे होईल. नारायणराव पेशव्यांचे नाव धारण करणाऱ्या या पेठेत केसरी वाड्यासारखे सार्वजनिक जीवनाचे केंद्र नांदले. त्याचबरोबर जुन्या वाड्यांच्या चौकांभोवती अनेक बिऱ्हाडे एकमेकांच्या दृष्टीसमोर राहिली. अशा वाड्यात ओसरीवर सोंगट्यांचा डाव मांडला, तर तो सर्वांस दिसे. डावात पैसा शिरला, तर त्याची वार्ता वडीलधाऱ्यांपर्यंत जाण्यास वेळ लागत नसे. आज त्याच परिसरात स्पर्धा परीक्षांसाठी परगावाहून आलेले अनेक विद्यार्थी खाटेपुरत्या जागेत राहतात. त्यांच्यापैकी एखादा रात्री मोबाइलवर डाव लावीत असेल, तर शेजारच्या खाटेवरील सोबत्यासही त्याचा पत्ता लागत नाही. द्यूत तेच आहे. त्याच्याभोवतीचे कुंपण मात्र उरलेले नाही.

हे कुंपण फार प्राचीन आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात द्यूतकाराची ओढ, त्याचे ऋण आणि त्याच्या कुटुंबाची दैना यांचे चित्रण आहे. मनाच्या निग्रहावर एकट्यावर विसंबता येत नाही, हे तेव्हाही ज्ञात होते असे म्हणावयास हरकत नाही. पुढे मनूने राजाने द्यूताचे उच्चाटनच करावे असे सांगितले. कौटिल्याने मात्र दुसरा मार्ग पत्करला. द्यूत एकाच ठिकाणी, अध्यक्षाच्या देखरेखीखाली चालावे. अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पणांचा दंड व्हावा. फासे अध्यक्षाने पुरवावेत आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच घ्यावेत, अशी त्याची व्यवस्था आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत द्यूतगृह चालविणाऱ्या सभिकाचा वाटा शेकडा पाच वा दहा असा ठरविला असून, जिंकलेले द्रव्य हरणाऱ्याकडून वसूल करून जेत्यास देण्याचे दायित्वही त्याच्यावरच टाकले आहे. ‘मृच्छकटिका’च्या दुसऱ्या अंकात दहा सुवर्ण हरून पळालेल्या संवाहकाचा पाठलाग करणारा माथुर हा असाच सभिक होय. मनूचा निषेध आणि इतरांची अनुज्ञा या दोहोंचा उल्लेख करून बृहस्पतीने अनुज्ञेचे एक कारण चोरांचा शोध लागणे हे दिले आहे.

स्थळाच्या मर्यादेस काळाच्या मर्यादेची जोड होती. कार्तिक शुद्ध प्रतिपदा, म्हणजे आपली बलिप्रतिपदा, हिला धर्मग्रंथांत द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. शिवपार्वतींच्या द्यूताची कथा तिच्याशी निगडित असून, त्या दिवशी खेळण्यास शास्त्राने मोकळीक दिली आहे. वर्षातील एक दिवस खुला ठेवल्याने उरलेल्या दिवसांचा निषेध अधिक ठळक होतो, हे या योजनेचे मर्म दिसते.

इंग्रजी अमदानीतील १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने हीच स्थळनिष्ठ दृष्टी निराळ्या भाषेत स्वीकारली. त्याचा सारा रोख ‘सामान्य जुगारगृहा’वर आहे. घर, खोली अथवा जागा आणि तेथे सापडणारी जुगाराची साधने यांवरून गुन्हा ठरतो, आणि ते गृह चालविणाऱ्यास तेथे केवळ खेळणाऱ्याहून अधिक शिक्षा होते. परंतु स्वातंत्र्योत्तर काळात या स्थळकल्पनेस तडे जाऊ लागले. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारायंत्राने येणाऱ्या भावांवर मुंबईत आकडा लावला जाई. १९६१ साली ते भाव येणे थांबले, आणि १९६२ साली वरळीत मटका सुरू झाला. येथे खेळणाऱ्यास द्यूतगृहात जाण्याचे कारण उरले नाही. आकडा घेणाराच गल्लीत येऊ लागला.

याच संक्रमणकाळात एका महत्त्वाच्या खटल्याचा निर्णय लागला. मोठ्या बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा एक व्यवसाय बंगळूरहून प्रसिद्ध होणाऱ्या नियतकालिकाद्वारे मुंबई राज्यात चालत असे. राज्याने त्यावर कर व नियंत्रण बसविले, तेव्हा आपले ठाणे राज्याबाहेर असल्याची हरकत चालकांनी घेतली. सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ रोजी ती फेटाळली. प्रवेशपत्रे व पैसे राज्यात गोळा होतात, जाहिरात येथील वाचकांस उद्देशून असते, एवढा संबंध कायद्यास पुरेसा आहे, असे न्यायालयाने मानले. द्यूत हा संविधानाने संरक्षिलेला व्यापार नव्हे, हेही त्याच निकालात ठरले. त्यासाठी न्यायमूर्तींनी अक्षसूक्तापासून स्मृतींपर्यंतचे दाखले दिले. तत्पूर्वी १९५५ च्या बक्षीस स्पर्धा कायद्याने महिन्यास एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसांच्या स्पर्धांस मनाई करून प्रवेशपत्रांची संख्याही दोन हजारांपुरती मर्यादित केली होती. अशा रीतीने स्थळ आणि काळ यांच्या जोडीस परिमाणाची मर्यादा आली, आणि तीही चालकावरच घातलेली होती.

या इतिहासात राज्यसंस्थेची भूमिका मात्र नेहमी निर्मळ राहिली असे नाही. शेकडा पाच घेणारा कौटिल्याचा अध्यक्ष रक्षक होता, तसाच भागीदारही होता. महाराष्ट्र शासनाने १९६९ साली स्वतःची लॉटरी सुरू केली. १९७६ साली कॅसिनोंचे नियंत्रण व त्यांवरील कर यांसाठी राज्यात कायदाही संमत झाला. तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. त्याच १९७६ साली गोव्यात झालेल्या जुगारविषयक कायद्यात पुढे दुरुस्त्या होऊन तेथे कॅसिनोंस वाट मिळाली. महसुलाचा मोह आणि प्रजेचे हित यांमधील हा ओढाताणीचा धागा ध्यानी घेतल्यावाचून केवळ खेळणाऱ्यास दोष देणे अन्यायाचे होईल.

आंतरजालावरील द्यूतगृहाने वरील तिन्ही मर्यादा एकाच वेळी मोडल्या. त्याला जागा नाही, त्याला रात्र नाही, आणि एका डावामागून दुसरा डाव इतक्या त्वरेने येतो की एकूण किती हरलो याचे भान राहत नाही. या पोकळीत ‘जबाबदारीने खेळा’ हे वचन आले. पैसे भरण्याची कमाल रक्कम स्वतः ठरविणे, स्वतःस खेळातून वगळून घेणे, ही साधने निरुपयोगी आहेत असे नव्हे; पण ज्याचा निग्रह ढळला आहे त्याच्याच निग्रहावर ती उभी आहेत. ब्रिटनमध्ये हा अनुभव घेतल्यावर २०२५ साली आंतरजालीय स्लॉट खेळांत एका डावास लावावयाची रक्कम कायद्यानेच सीमित करण्यात आली: प्रौढांस पाच पौंड, आणि अठरा ते चोवीस वर्षांच्या तरुणांस दोन पौंड. भारतीय संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये त्याहून कठोर मार्ग स्वीकारून, कौशल्याचे असोत वा दैवाचे, पैसे लावून खेळावयाचे आंतरजालीय खेळ पुरविण्यास मनाई करणारा कायदा केला. त्यात शिक्षा आहे ती खेळ पुरविणाऱ्यास व त्याची जाहिरात करणाऱ्यास, खेळणाऱ्यास नाही.

म्हणजे दीर्घ वळसा घेऊन जबाबदारी पुन्हा सभिकाकडे आली आहे. आजचा सभिक देशाबाहेर बसून पेठेतील खोलीत डाव मांडू शकतो, ही अडचण खरी. परंतु १९५७ च्या निर्णयाने दाखविलेली वाट, म्हणजे पैसा कोठून गोळा होतो व जाहिरात कोणास उद्देशून आहे ते पाहणे, आजही उपयोगी पडण्यासारखी आहे. वाड्याचा चौक परत आणता येणार नाही. परंतु त्या चौकाने जे काम नकळत केले, ते खाटेवरच्या एकाकी विद्यार्थ्याच्या गळ्यात घालून समाजास मोकळे होता येणार नाही, एवढा बोध या इतिहासातून निश्चित निघतो.